ब्राँक्समधली १५२० नंबरची इमारत

न्यूयॉर्कला गेलेला आपला माणूस कोलंबिया विद्यापीठ पाहिल्याशिवाय परत येत नाही. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब तिथे शिकले. तिथल्या लेहमन ग्रंथालयात त्यांचा अर्धपुतळा आहे. त्यापुढे हात जोडले की समाधान वाटते आणि आपण माघारी फिरतो. पण त्याच दिवशी आणखी तासभर काढला, तर दुसरीही एक जागा पाहता येते. तिथे ना तिकीट, ना माहिती सांगणारा कोणी. गरिबांच्या वस्तीतली ती एक साधी राहती इमारत आहे. आपल्या मुलामुलींनी तिची गोष्ट ऐकावी असे मला वाटले, म्हणून हा लेखनप्रपंच.

विद्यापीठाजवळच्या ११६ व्या रस्त्यावरून भुयारी रेल्वेची १ नंबरची गाडी धरायची. काळ्या लोकांचे हार्लेम ओलांडून ती उत्तरेला जाते. १८१ व्या रस्त्यावर उतरून बसने हार्लेम नदीवरचा पूल पार केला की ब्राँक्स सुरू होते. तिथून नदीच्या बाजूला उताराने चालत गेले की सेजविक अव्हेन्यू हा रस्ता लागतो. त्यावर १५२० नंबरची, विटांची उंच इमारत उभी आहे. खालून महामार्गावरच्या मोटारींचा आवाज सतत येत असतो. खांबावर पाटी आहे, ‘हिप हॉप बुलेव्हार्ड’. आत माणसे राहतात, म्हणून बाहेरूनच पाहायचे.

“मामा, रॅपचा जन्म इथलाच,” बरोबर आलेली भाची म्हणाली.

११ ऑगस्ट १९७३ ची ती रात्र. या इमारतीत जमैकाहून आलेले कॅम्पबेल कुटुंब राहत होते. त्यातला क्लाइव्ह १९६७ साली बारा वर्षांचा असताना अमेरिकेत आला. पुढे तो ‘डीजे कूल हर्क’ म्हणून जगाला माहीत झाला. त्याचे नाव आज सर्वत्र घेतले जाते. पण त्या रात्रीचा कार्यक्रम ठरवला होता त्याच्या बहिणीने, सिंडीने. शाळा सुरू होणार होती आणि तिला नवे कपडे हवे होते. तळमजल्यावरची करमणुकीची खोली तिने २५ डॉलर भाड्याने घेतली. छोट्या कार्डांवर हाताने निमंत्रणे लिहिली. मुलींना प्रवेश २५ सेंट, मुलांना ५० सेंट. भाऊ वडिलांच्या मोठ्या स्पीकरवर रेकॉर्डी वाजवणार होता.

आमच्यासारख्या कारकुनाचे लक्ष आधी हिशेबाकडे जाते. नुसते खोलीचे भाडे निघायला शंभर मुली किंवा पन्नास मुलगे यायला हवे होते. म्हणजे शाळकरी मुलीने पदरचे पैसे लावून ही जोखीम उचलली होती. खोली तिने घेतली, दर तिने ठरवला. आजच्या भाषेत ती त्या कार्यक्रमाची निर्माती होती. भाची हसून म्हणाली, “मामा, तुम्ही गाण्यातही खतावणीच उघडता.” पण ती उघडल्याशिवाय ही गोष्ट पुरी समजत नाही.

त्या काळचे ब्राँक्स कसे होते? १९४८ पासून पुढे दीड दशक या भागाच्या मधून ‘क्रॉस ब्राँक्स एक्स्प्रेसवे’ हा महामार्ग काढला गेला. हजारो कुटुंबांची घरे त्यात गेली. ज्यांना शक्य होते ते निघून गेले. उरले ते काळे, पोर्तोरिकन आणि इतर गरीब. १९७० च्या दशकात इमारतीमागून इमारती जळाल्या. विम्याच्या पैशासाठी काही मालकांनीच आगी लावल्या. रस्तारुंदीकरणात झोपडी गेलेल्या आपल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

अशा ठिकाणी पोरांकडे वाद्ये नव्हती, होत्या त्या जुन्या तबकड्या. हर्कच्या लक्षात आले की गाणे थांबून नुसते ढोल वाजतात, त्या तुकड्यावर मुले सर्वांत जास्त नाचतात. पण तो तुकडा काही सेकंदांचाच. मग तो एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर लावू लागला. एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवरचा सुरू, तोवर पहिली मागे फिरवून ठेवायची. काही सेकंदांचा ठेका असा कितीही वेळ चालू लागला. त्यावर माईकवरून यमके जुळवत बोलणे वाढत गेले आणि त्यातून रॅप उभे राहिले. नाच आणि भिंतींवरची रंगीत अक्षरे त्याला येऊन मिळाली. या सगळ्याला मिळून हिप-हॉप म्हणतात.

यात मुली पहिल्यापासून होत्या. ब्राँक्समध्ये ‘फंकी फोर प्लस वन’ नावाचा संच होता. चार मुलगे आणि वरची एक, ती शा-रॉक ही मुलगी. नावातच तिला बेरजेत वर धरले आहे. १४ फेब्रुवारी १९८१ रोजी या संचाने ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या देशभर पाहिल्या जाणाऱ्या दूरदर्शन कार्यक्रमात रॅप केले, तेव्हा ती त्यात होती. १९८४ साली क्वीन्सब्रिज या सरकारी घरांच्या वसाहतीतली रॉक्सान शांते अवघ्या चौदाव्या वर्षी रॅपमधून मुलांना रोखठोक उत्तर देऊन गाजली. अमेरिकेच्या ग्रॅमी संस्थेने तिला जीवनगौरव दिला तो २०२५ मध्ये. मध्ये चाळीस वर्षे गेली.

आता धंद्याची बाजू. रॅपचे पहिले मोठे यशस्वी रेकॉर्ड एका काळ्या स्त्रीने काढले. सिल्व्हिया रॉबिन्सन ही मूळची हार्लेमची गायिका. तिने आणि तिच्या पतीने १९७९ साली न्यू जर्सीत ‘शुगर हिल रेकॉर्ड्स’ ही स्वतःची कंपनी काढली आणि ‘रॅपर्स डिलाइट’ बाजारात आणले. मोठ्या कंपन्यांच्या दारात न जाता तिने हे केले. ही मोठीच गोष्ट आहे. पण खतावणीचे दुसरे पानही वाचले पाहिजे. त्या गाण्यात गायलेल्या काही ओळी ब्राँक्सच्या ग्रँडमास्टर कॅझ या तरुणाच्या वहीतल्या होत्या. रेकॉर्डवर त्याचे नाव आले नाही आणि मोबदलाही मिळाला नाही. त्याच गाण्याची चाल मात्र ‘शीक’ या नामवंत संचाच्या गाण्यावरून घेतली होती. त्यांनी कायद्याची भाषा करताच त्यांची नावे रेकॉर्डवर आली. ज्याच्यामागे वकील होता त्याचे नाव लागले, ज्याच्याकडे फक्त वही होती त्याचे राहून गेले.

मला ब्राँक्सने शिकवले ते हेच. आपले संगीत आणि आपली कंपनी एवढ्याने स्वातंत्र्य पुरे होत नाही. लिहिणाऱ्याचे नाव कागदावर लागते का, गाणारीचा वाटा ठरलेला आहे का, हेही पाहावे लागते. नाही तर मालक बदलतो, शोषण तेच राहते.

पालकांच्या मनातला एक प्रश्न मी टाळणार नाही. रॅपमध्ये शिवीगाळ असते, बायकांचा अपमान असतो, मग मुलींनी ते ऐकावे तरी का? तक्रार खरी आहे. पण तिला उत्तरही रॅपमधूनच आले. न्यू जर्सीतल्या न्यूअर्कच्या क्वीन लतीफाने १९९३ साली ‘युनिटी’ या गाण्यात रस्त्यावर छेड काढणाऱ्यांना, शिव्यांनी हाक मारणाऱ्यांना आणि घरात हात उगारणाऱ्यांना जाब विचारला. त्या गाण्याला १९९५ मध्ये ग्रॅमी मिळाले. मुलींना त्या मैदानातून घरी बोलावले असते, तर हे उत्तर कोणी दिले असते?

या इमारतीची गोष्ट अजून थोडी आहे. २००७ साली मालकाने ती परवडणाऱ्या घरांच्या सरकारी योजनेतून बाहेर काढायचे ठरवले. भाडी वाढून जुने लोक रस्त्यावर आले असते. भाडेकरू संघटित झाले आणि कूल हर्क त्यांच्या बाजूने उभा राहिला. इमारत मधल्या काळात विकलीही गेली, पण लोकांनी लढा सोडला नाही. शेवटी २०११ साली महापालिकेच्या कर्जाच्या आधाराने ती परवडणारी घरे राखणाऱ्या नव्या मालकांकडे आली. गाणे जन्माला घालणाऱ्या भिंती एकजुटीने वाचल्या.

आपल्यालाही हे नवे नाही. बाबासाहेबांचा विचार गावोगाव पोचवला तो जलशांनी आणि शाहिरांनी. पण किती गायिकांनी एकरकमी मानधनावर भीमगीते गायली, आणि कॅसेट पुढे किती खपल्या ते त्यांना कधी कळले नाही! आज काळ बदलला आहे. एकतारीवर भीमगीते गाणाऱ्या कडूबाई खरात मोबाइलवरून घराघरात पोचल्या. महादेव कोळी आदिवासी समाजातली मधुरा घाणे ‘माही जी’ या नावाने रॅप करते. आपल्या वस्तीतल्या मुलीही उद्या माईक हाती घेतील.

त्यांच्यासाठी तीन गोष्टी सांगतो. पहिली, गाणे कोणी लिहिले, चाल कोणी दिली, गायले कोणी, हे तारखेसह कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. दुसरी, २०१२ साली आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आहे. चित्रपटाबाहेरच्या ध्वनिमुद्रित गाण्याचा गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला समान वाटा करार करूनही काढून घेता येत नाही. गाणाऱ्यालाही व्यापारी वापरासाठी रॉयल्टीचा हक्क आहे. म्हणून न वाचता सही करू नका. तिसरी, कार्यक्रमाचा जमाखर्च मंडळातल्या मुलींच्या हाती द्या. सिंडी कॅम्पबेलच्या हाती तो होता, म्हणून ती रात्र घडली.

‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ ही शिकवण आपल्या घराघरात आहे. शिकण्यात हिशेब शिकणेही येते. आपल्या विहाराच्या पुढच्या कार्यक्रमात मुलीने माईक मागितला तर तो द्या, आणि पावतीपुस्तकही तिच्याच हाती द्या.

जय भीम!