वैमानिकाचा पोषाख आणि आमचें वळण

आमच्या घरांत आजवर पुष्कळांनीं मुलाखती दिल्या. आजोबा शाळाखात्यांत चिकटले ते एका मुलाखतीच्या बळावर. थोरले बंधु बँकेंत गेले, आणि आम्ही महाविद्यालयांत अध्यापक झालों. त्यामुळें मुलाखतीस निघालेल्या उमेदवारास उपदेश करण्याचा आपणांस वंशपरंपरागत अधिकार आहे, अशी आमची समजूत होती. दोन वर्षांपूर्वीं आमच्या पुतण्यानें ती अगदीं नकळत खोटी पाडली. ही हकीकत सांगण्यांत आमची थोडीशी शोभा होणार, हें खरें. पण ज्या घरांतील मुलें-मुली आतां विमान चालविण्याच्या व्यवसायांत शिरूं पाहत आहेत, त्या घरांस तिचा उपयोग होईल, म्हणून ती लिहीत आहों.

पुतण्यानें दोनशें तासांचें उड्डाण पुरें करून व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळविला होता. त्यापायीं बंधूंच्या शिलकेचा बराच भाग आणि वहिनींचे दोन दागिने खर्चीं पडले होते. एका विमान कंपनीचें बोलावणें आलें, आणि घरांत लग्नघाई उसळली. पहिला प्रश्न पोषाखाचा. बंधूंचें मत असें कीं, मुलानें पांढरा गणवेष चढवून, खांद्यांवर सोनेरी पट्ट्या लावूनच जावें. धाकट्या चुलतभावानें लाल टाय आणि भलें मोठें घड्याळ काढून ठेविलें. वहिनींनीं हिन्याच्या अत्तराची कुपी आणली. आम्हीं या सर्वांवर अध्यक्षीय भाषण करण्याची तयारी केली होती. पण त्याच्या उड्डाणशाळेंतील एक वृद्ध, निवृत्त वैमानिक-शिक्षक त्याच संध्याकाळीं सहज घरीं आले, आणि आमचें भाषण राहून गेलें.

त्यांनीं सांगितलेला पोषाख अगदीं साधा होता : गडद निळा किंवा काळा कोट, पांढरा सदरा, एकरंगी टाय, चांगले घासलेले काळे बूट. नखें कापलेलीं, केंस नीट कापलेले, कोटास इस्त्री. पट्ट्या मुळींच नकोत. "मुख्य वैमानिकाच्या खांद्यावर चार आणि सहवैमानिकाच्या बहुधा तीन पट्ट्या असतात, पण त्या कंपनीनें टाकलेल्या विश्वासाची खूण आहेत," ते म्हणाले, "आपणच लावून जाणें म्हणजे नैवेद्य दाखविण्याआधीं प्रसाद वांटणें." अत्तराविषयींही त्यांचें म्हणणें मार्मिक होतें. वैमानिकांची खोली लहान आणि बंद. तींत दोन माणसांनीं तासन् तास शेजारीं बसावयाचें. मुलाखत घेणारा अनुभवी वैमानिक मनांत एकच प्रश्न विचारीत असतो : या मुलाशेजारीं बसून मी रात्रभर विमान नेऊं शकेन काय? ज्याचा सुगंध त्याच्याआधीं खोलींत शिरतो, त्याच्याविषयीं उत्तर चटकन् मिळतें!

वैमानिकांच्या पोषाखाचा इतिहासही त्यांनीं सांगितला. आरंभीं विमानें उघडीं असत, तेव्हां थंडीवाऱ्यापासून बचाव करणारा चामड्याचा कोट हाच वैमानिकाचा वेष. १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील पॅन अमेरिकन कंपनीनें पाण्यावर उतरणाऱ्या आपल्या मोठ्या विमानांवरील लोकांस नौदलाच्या धर्तीचा पोषाख दिला, आणि तेंच वळण पुढें जगभर रुळलें. उतारूस वैमानिकाचें कौशल्य दिसत नाहीं. त्याला दिसतो तो पोषाख, आणि ऐकूं येतो तो आवाज. दोन्हींत स्वस्थता असली म्हणजे तो निर्धास्तपणें डोळे मिटतो.

आमची पुतणी ऐकत होती, तिनें विचारलें, "मग मुलींनीं काय घालावें?" शिक्षक म्हणाले, "कोट घाला, साडी नेसा. नीटनेटकें आणि हातापायांस मोकळें असलें म्हणजे झालें. सरला ठकराल यांनीं १९३६ सालीं, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, साडी नेसूनच जिप्सी मॉथ विमान एकटीनें उडविलें." १९८५ सालीं सर्व स्त्रियाच असलेल्या चमूनें कॅप्टन सौदामिनी देशमुख यांच्या अधिकाराखालीं फॉकर विमान नेलें, हेंही त्यांनीं सांगितलें. देशमुख हें नांव ऐकतांच वहिनींची मुद्रा खुलली.

शेवटीं ते उड्डाणाच्या नोंदवहीवर आले. प्रत्येक पानाची बेरीज पुन्हा तपासावी; चुकलेल्या आंकड्यावर दुसरा आंकडा गिरवूं नये, एक सरळ रेघ मारून शेजारीं खरा आंकडा लिहावा. मूळ प्रमाणपत्रें क्रमानें लावावीं. वेळेच्या आधीं पोंचावें, भ्रमणध्वनी बंद ठेवावा, आणि दारावरच्या पहारेकऱ्याशीं तितक्याच अदबीनें बोलावें जितक्या अदबीनें आंतल्या अधिकाऱ्यांशीं. चिरंजीवांनीं हें सर्व तंतोतंत पाळलें. पोषाखांत बोट ठेवण्यास जागा नव्हती.

आणि तरीही तो नापास झाला.

मुलाखतींत त्याला विचारण्यांत आलें, "मुख्य वैमानिक चुकत आहे असें तुम्हांस वाटलें, तर काय कराल?" तो म्हणाला, "ते अनुभवी असतात. मी त्यांच्या निर्णयावर विश्वास ठेवीन." "चूक उघड दिसत असली तरी?" त्यावर हा म्हणाला, "खालीं उतरल्यावर एकांतांत विनयानें सांगेन." रात्रीं पानावर बसतांना त्यानें हें सांगितलें, तेव्हां "शाबास! घराण्याचें वळण दिसलें!" असे उद्गार आम्हींच काढले. आठ दिवसांनीं नकार आला.

आम्ही शिक्षकांकडे तक्रारीच्या सुरांत गेलों. त्यांनीं ऐकून घेतलें आणि मुलाकडे वळून एवढेंच विचारलें, "खालीं उतरल्यावर सांगणार, पण खालीं उतरणें तुझ्या हातीं राहील कशावरून?"

मग त्यांनीं टेनेरीफची गोष्ट सांगितली. २७ मार्च १९७७ रोजीं त्या स्पॅनिश बेटावरील विमानतळावर दाट धुकें होतें. एका डच कंपनीचें प्रचंड विमान धांवपट्टीवरून निघालें, तेव्हां त्याच पट्टीवर समोर दुसरें तितकेंच प्रचंड अमेरिकन विमान होतें. डच विमानाचा मुख्य वैमानिक कंपनींतील अत्यंत वरिष्ठ, इतरांना शिकविणारा. समोरचें विमान पट्टीवरून दूर झालें कीं नाहीं, अशी शंका त्याच्याच खोलींतील अभियंत्यानें बोलून दाखविली. वरिष्ठानें ठामपणें ती उडवून लावली, आणि पुन्हा कोणी बोललें नाहीं. ५८३ माणसें मेलीं. विमानाच्या इतिहासांत इतका मोठा अपघात दुसरा झालेला नाहीं. १९७९ पासून पुढें वैमानिकांच्या शिक्षणांत नवा विषय आला तो अशाच अपघातांमुळें : धाकट्यानें कसें बोलावें, आणि थोरल्यानें कसें ऐकावें.

घरीं परततांना आम्हांस एक जुनी गोष्ट आठवली. पुतण्या तेरा वर्षांचा असतांना आम्ही सर्व रत्नागिरीहून मुंबईस परतणार होतों. तो म्हणाला, "काका, कोंकण रेल्वेचें वेळापत्रक पावसाळ्यांत बदलतें." आम्ही कडाडलों, "मोठ्यांच्या मध्यें बोलूं नये!" तो गप्प बसला. आम्ही स्टेशनवर पोंचलों तेव्हां गाडी निघून गेली होती. ही गोष्ट आम्ही पुढें कितीएक वर्षें विनोद म्हणून सांगत असूं. त्या दिवशीं मात्र तिचें हंसूं आलें नाहीं. मुलाखतींत जें उत्तर त्यानें दिलें, तें त्या स्टेशनवर, आमच्याच तोंडून तो शिकला होता. त्याला नापास केलें तें कंपनीनें नव्हे.

आम्हीं शिक्षकांना दुसऱ्या खेपेस विचारलें, "म्हणजे धाकट्यानें बोललें कीं काम भागलें?" त्यांनीं मान हालविली. २२ मे २०१० रोजीं मंगळूर येथें विमान उतरत असतांना, पुन्हा वर जावें, असें सहवैमानिकानें तीन वेळां सुचविलें होतें. तरीही उतरणें चालूच राहिलें. विमान पट्टी ओलांडून दरींत गेलें आणि १५८ माणसें प्राणांस मुकलीं. बोलणें हें अर्धें काम. उरलेलें अर्धें ऐकणाऱ्याचें. हें वाक्य त्यांनीं मुलास उद्देशून म्हटलें, पण तें कोणास लागलें, हें सांगावयास नको.

त्यानंतर आमच्या घरीं रोज संध्याकाळीं एक विलक्षण शाळा भरूं लागली. आम्ही मुख्य वैमानिक, पुतण्या सहवैमानिक. आम्ही मुद्दाम चुकीचें बोलावें, आणि त्यानें पायरीपायरीनें आम्हांस अडवावें : आधीं विचारावें, मग जें दिसतें तें स्पष्ट सांगावें, मग काय करावें तें सुचवावें, आणि तरीही कोणी ऐकेना तर स्वतः कृती करावी. आवाज चढवावयाचा नाहीं, आणि पडूंही द्यावयाचा नाहीं. पहिले चार दिवस त्याची मान खालीं जाई. बंधु आंतून ऐकत आणि अस्वस्थ होत. आम्हीही होत असूं. पण हळूहळू आमच्या ध्यानांत आलें कीं, चूक दाखवितांना त्याच्या बोलण्यांतील आदर तिळमात्र कमी होत नव्हता. उलट, आम्हांस संकटांत पडूं न देण्याची कळकळ तींत होती. यालाच आम्ही आजवर उद्धटपणा म्हणत आलों होतों.

सहा महिन्यांनीं दुसऱ्या कंपनीचें बोलावणें आलें. कोट तोच, बूट तेच. या खेपेस, "तुमच्या हातून झालेली एखादी चूक सांगा," असा प्रश्न आला. त्यानें पहिल्या मुलाखतींतलें आपलें उत्तर जसेंच्या तसें सांगितलें, आणि तें कां चुकलें तेंही सांगितलें. त्याची निवड झाली.

गेल्या महिन्यांत तो रजेवर घरीं आला होता. दुपारीं आम्ही रक्तदाबाची गोळी घेण्यास हात पुढें केला, तोंच तो म्हणाला, "काका, आजची गोळी तुम्हीं सकाळीं घेतली आहे ना?" आम्ही म्हटलें, "छे रे! घेतली असती तर आठवलें नसतें?" त्यानें गोळ्यांची पट्टी उचलून आमच्यापुढें ठेविली आणि म्हणाला, "एक कमी दिसते. मोजून पाहा." वहिनी दारांत उभ्या होत्या, त्या आमच्याकडे टक लावून पाहूं लागल्या. आम्हीं मोजलें. त्याचेंच खरें होतें.

जिभेवर आलेले जुने शब्द आम्हीं मुकाट्यानें गिळले. गोळी मात्र गिळली नाहीं.