गच्चीवरचा बग

गेले तीन वीकएंड इथे शुकशुकाट होता, कारण मी डिबगिंग करत होतो. कोडचं नाही, संत्र्याच्या झाडाचं.

बाबांची काटोलकडे बाग होती. ती विकून ते आमच्याकडे लकडगंजला राहायला आले, तेव्हा सामानात जंबेरीच्या खुंटावर डोळा भरलेलं एक कलम होतं. गच्चीवरच्या निळ्या ड्रममध्ये लावलं. बाग म्हणून आता तेवढीच.

जुलैत पानं पिवळी पडायला लागली. बाबांनी एक पान उजेडात धरलं आणि म्हणाले, "ग्रीनिंग असन तर उपटून टाक." एवढंच. रात्री नीट जेवले नाहीत.

ग्रीनिंग म्हणजे संत्र्याचा यमदूत. सायला नावाची छोटीशी कीड हा जिवाणू पसरवते आणि एकदा लागण झाली की उपाय नाही. फ्लोरिडात हा रोग २००५ साली सापडला. वीस वर्षांत तिथलं संत्र्याचं उत्पादन नव्वद टक्क्यांच्या वर घसरलं. (थोडा हात चक्रीवादळांचाही, पण असो.)

मी इंजिनीअर, त्यामुळे न बघताच उत्तर तयार! आपल्या विदर्भाची चुनखडीची काळी माती, त्यात बोअरचं जड पाणी, म्हणजे लोह मिळत नसणार. चिलेटेड लोह आणून फवारलं. ढिम्म फरक नाही.

मग जरा शिस्तीत वाचायला बसलो. गंमत म्हणजे, आजारी पानांचे सगळ्यात सुरेख फोटो परदेशातल्या गांजा लावणाऱ्यांनी काढलेले आहेत. (आपल्याकडे ते रोप घरी लावणं १९८५ च्या एनडीपीएस कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा मंडळी, फक्त फोटो बघा :)) पण नियम संत्र्यालाही तोच. आधी बघायचं, कुठलं पान पिवळं झालंय? नायट्रोजन कमी पडला की झाड जुन्या पानांतला काढून नव्या फुटीला देतं, म्हणून खालची पानं आधी पिवळी. लोह असं हलवता येत नाही, म्हणून तिथे कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. आणि ग्रीनिंगमध्ये पानावर वेडेवाकडे डाग, मधल्या शिरेच्या दोन्ही बाजू एकमेकींशी जुळत नाहीत.

वीस पानं तोडून पेपरवर मांडली. सगळी खालची, शिरांसकट एकसारखी पिवळी, दोन्ही बाजू सारख्या. बाबांनी चष्मा लावून प्रत्येक पान दोनदा बघितलं. काही बोलले नाहीत, पण चहा मागितला.

म्हणजे नायट्रोजन. पण शेणखत तर वेळेवर घातलं होतं! मग ऑफिसात रोज विचारतो तो प्रश्न मला सुचला (तीन आठवड्यांनी!): शेवटचं सगळं ठीक चालू होतं, त्यानंतर काय बदललं?

भुसा. मे महिन्यात मुळांना ऊन लागू नये म्हणून गल्लीतल्या आरागिरणीतून दोन पोती फुकट आणला होता. लकडगंजात भुशाला काय तोटा! वर पसरला होता तोवर ठीक होतं. जूनमध्ये मी तो 'खत होईल' म्हणून मातीत कालवला. लाकडाच्या भुशात नायट्रोजनच्या एका भागामागे कार्बनचे शेकडो भाग असतात. तो कुजवायला मातीतले जिवाणू लागणारा नायट्रोजन मातीतूनच ओढतात, आणि झाड उपाशी. बग माझाच, चेक-इनही माझंच.

बाबांना सांगितलं. "मले इचारलं असतं त..." म्हणाले आणि वाक्य तिथेच सोडलं. खरंच विचारलं नव्हतं. ते दुपारी झोपले असताना मी उरकून टाकलं होतं.

रोलबॅक सोपा नव्हता. मुळं न दुखवता निघेल तेवढा भुसा हातानेच काढला, लिटरला दहा ग्रॅम युरिया घालून संध्याकाळी फवारला, पुन्हा शेणखत दिलं. खालची बरीच पानं गळली. काल शेंड्याला तीन नवी फूट दिसली, हिरवीगार.

तरी बाबांनी आज ताजी पानं तोडून पिशवीत भरून फ्रीजमध्ये, दुधाशेजारी ठेवली आहेत. अमरावती रोडच्या लिंबूवर्गीय संशोधन संस्थेत दाखवायचीच म्हणतात. उद्या मी सुट्टी टाकली आहे.