आजीची खडी, नदीचे गोटे

१९७२च्या दुष्काळात माझी आजी रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. दिवसभर हातोडा चालवला तरी ढीग गुडघ्याच्या वर जायचा नाही, असं ती अजून सांगते. काळा पाषाण किती चिवट असतो, याचा दाखला तिच्या डाव्या अंगठ्याच्या वाकड्या नखात आहे.

गेल्या उन्हाळ्यात तिला मळगंगेच्या दर्शनाला निघोजला नेलं. देवळाखाली कुकडीचं पात्र. एका तीराला पारनेर तालुका, दुसऱ्या तीराला शिरूर. पात्र म्हणजे सलग काळा कातळ आणि त्यात रांजणासारखे खोल, गुळगुळीत खड्डे. ‘रांजणखळगे’ हा शब्द मी शाळेत दोन मार्कांसाठी पाठ केला होता. आता काठावरच्या एका लहानशा खळग्यात कोपरापर्यंत हात घातला. भिंत चाकावरच्या मडक्यासारखी गोल लागली. तळाला गार पाणी, थोडी वाळू आणि पाच-सहा गोटे. एक वर काढला. लिंबाएवढा, कुठे कोपरा म्हणून नाही.

“पाण्यानं कातळ कसा कापलाय बघ,” मी म्हणाले.

आजीनं गोटा तळहातावर फिरवला. “पाणी कशाचं कापतंय? पाणी नुसतं फिरवतंय. कापतोय ह्यो.”

भूगोलाचं पुस्तक तिनं कधी उघडलेलं नाही, पण बोलली ते नेमकं. पुरात कातळातल्या खोलगट जागी भोवरा धरतो, त्यात अडकलेले गोटे जात्यासारखे गरगरतात आणि तळ घासत जातात. खळगा खोल होतो, गोटाही झिजून वाळू होतो. तो संपला की पुढचा पूर नवा गोटा आणून टाकतो.

पण नवा गोटा सुटतो कुठून? ते मी आमच्या विहिरीत पाहिलंय. विहिरीच्या उघड्या कडेला वर दोन हात काळी माती, खाली पिवळसर मुरूम, मुरमात गोल धोंडे आणि तळाला अखंड पाषाण. हा पाषाण म्हणजे सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. थंड होताना तो आकसला, त्याला भेगा पडल्या. भेगांतून पावसाचं पाणी झिरपतं. हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड विरघळल्यानं ते किंचित आम्ल असतं. दगडातल्या लोहाला त्यानं गंज चढतो, बाकीच्या खनिजांची चिकणमाती होते. चौकोनी तुकड्याच्या कोपऱ्यावर हे पाणी तीन बाजूंनी चढाई करतं, म्हणून कोपरे आधी जातात आणि धोंडा गोल होतो. त्याचे पापुद्रे कांद्यासारखे हातानं सुटतात. पुस्तकात याला विदारण म्हणतात. इथं दगड जागच्या जागी कुजतो, हलत मात्र नाही. हलवायला वाहतं पाणी लागतं. तीच झीज आणि तेच वहन.

या दोन कामांच्या वेगातला फरक मला त्याच पावसाळ्यात कळला. आमच्या वरच्या वावराचा बांध खचला होता. दुरुस्ती आज करू, उद्या करू, यात जून गेला. एका रात्री ढगफुटीसारखा पाऊस झाला. सकाळी बघते तर बांधाला भगदाड आणि निम्म्या वावरात मुरूम उघडा. काळी माती ओढ्यानं कुकडीत गेली. कुकडी घोडनदीला मिळते, घोड भीमेला. वाटेत कुठल्या तरी धरणात ती गाळ होऊन बसली असेल.

आजी बांधावर बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, “आम्ही दगड फोडून खडी केली, माती नाही करता आली.”

हातभर माती व्हायला हजारो वर्षं लागतात, जायला एक रात्र पुरते. या वर्षी पेरणीच्या आधी आम्ही बांध घातला, दगड रचून, नीट. तुमचाही खचला असेल तर मृगाची वाट पाहू नका.