येण्याआधी निघण्याचे शब्द शिक

अल खोर, कतार

चि. बंडूस,


तू पाठवलेलं ऑफर लेटर मी दोनदा वाचलं. पगाराच्या आकड्याखाली तू पेनने रेघ मारली आहेस. शेवटच्या दीड पानावर मात्र एकही खूण दिसली नाही, आणि नोकरी सुटण्याच्या सगळ्या अटी त्याच दीड पानात आहेत. शुभकार्याच्या सुरुवातीला मोडण्याची भाषा आपल्याकडे कोणी काढत नाही. ताई हे पत्र वाचून माझ्यावर रागावेल, हे मला माहीत आहे. तरीही लिहितो आहे. रास लफानच्या साइट ऑफिसात हे कागद रोज माझ्या टेबलावरून जातात. माणूस कुठल्या शब्दाखाली गेला, यावर त्याच्या हातात काय पडणार आणि त्याला पुन्हा येता येणार की नाही, हे ठरताना मी पाहतो.

शुक्रवारी अल खोरच्या कॉर्निशवर आपली मुलं जमतात, तेव्हा याच गोष्टी चालतात. अमका ‘व्हेकेशन’वर गेला, तमक्याचं ‘डीमोब’ झालं, कोणी व्हिसा ‘कॅन्सल’ होऊन गेला, कोणी ‘खल्लीवल्ली’ झाला. गावाकडे फोनवर सांगताना या सगळ्यांचं एकच होतं: ‘तो तिथून निघाला.’

आधी सुट्टीचं सांगतो. तिला कॅम्पात ‘व्हेकेशन’ म्हणतात, कागदावर ती ‘ॲन्युअल लीव्ह’ असते. २००४ च्या कामगार कायद्याप्रमाणे नोकरीला वर्ष झालं की वर्षाला किमान तीन आठवडे भरपगारी सुट्टी मिळते. पाच वर्षांनंतर चार आठवडे. हा तुझा हक्क आहे. ‘इमर्जन्सी लीव्ह’चं तसं नाही. घरी कोणी अत्यवस्थ झालं तर किती दिवस मिळतील, पगार चालू राहील का, तिकीट कोणाच्या खर्चाने, हे बहुतेक करारांत कंपनीच्या मर्जीवर सोडलेलं असतं. ती ओळ शोध. नसेल तर विचार.

‘एक्झिट परमिट’ हा शब्द तुला जुन्या माणसांकडून ऐकायला मिळेल. पूर्वी मालकाच्या मंजुरीवाचून देशाबाहेर पाऊल टाकता येत नसे. त्या काळात पेणकडचा एक वेल्डर बॅग भरून माझ्या खुर्चीसमोर बसला होता. वडील आयसीयूत होते, तिकीटही काढलेलं होतं, पण मंजुरी देणारा साहेब परदेशी गेलेला. मंजुरी आली तेव्हा वडील गेले होते. तो उठला, माझे आभार मानले आणि गेला. त्या आभारांना मी आजही उत्तर शोधतो आहे.

२८ ऑक्टोबर २०१८ पासून बहुतेक कामगारांची ही अट गेली. जानेवारी २०२० मध्ये घरकाम करणारे, तेल आणि वायू क्षेत्रातले आणि कायद्याबाहेर राहिलेले इतरही मोकळे झाले. घरकाम करणाऱ्यांनी मालकाला ७२ तास आधी कळवायचं, एवढंच उरलं. मात्र पाच टक्क्यांपर्यंत माणसांसाठी पूर्वपरवानगीची अट ठेवायची मुभा कंपनीला आहे. आपलं नाव त्या यादीत आहे का, हे रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात विचारायचं. वेळ येईल तेव्हा विचारायला उसंत नसते.

‘रिलीज’ हाही तसाच एक धाक होता. जुन्या मालकाने एनओसी दिल्याशिवाय दुसरीकडे नोकरी धरता येत नसे. २०२० च्या कायद्याने ती अट काढली. आता दोन वर्षांपर्यंतच्या नोकरीला एक महिन्याची आणि त्यापुढे दोन महिन्यांची नोटीस दिली की बदलता येतं. ती लेखी द्यायची आणि तिची प्रत स्वतःजवळ ठेवायची.

आता तुझ्या कामाचा शब्द. तू पाइप फिटर, म्हणजे शटडाऊनच्या कामावर येणार. प्लँटचं एखादं युनिट देखभालीसाठी बंद करतात, ठेकेदार शेकड्याने माणसं चढवतात, आणि काम उरकलं की ‘डीमोब’ करतात. गेट पास जमा होतो, बस बंद होते. मुलांना वाटतं, नोकरी गेली. तसं नसतं. डीमोब म्हणजे साइटवरून उतरवणं. करार चालू आहे तोवर तू कंपनीच्या पटावर आहेस. दुसरी साइट देणं किंवा रीतसर नोटीस देणं हे तिच्याकडे लागतं. याच गोंधळात काही ठिकाणी टाइप केलेला कागद पुढे सरकवतात आणि म्हणतात, ‘फॉर्मॅलिटी आहे, सही कर.’ वर बारीक अक्षरात ‘रेझिग्नेशन’ असतं. तिथे सही केलीस की राजीनामा तुझा ठरतो आणि नोटीस तू देणं लागतोस. ‘टर्मिनेशन’ असेल तर ती कंपनीने द्यायची असते. त्यामुळे मथळा वाचल्याशिवाय सही करायची नाही, मागे कितीही मोठी रांग असो.

वर्ष पूर्ण झालं की दोन्ही वाटांनी ग्रॅच्युइटी मिळते: दर वर्षामागे किमान तीन आठवड्यांचा मूळ पगार. इथे ‘बेसिक’ या शब्दाकडे बघ. तुझ्या पत्रात एकूण १८०० रियाल आहेत, पण बेसिक १००० आहे, बाकीचे राहण्या-जेवणाचे. तीस दिवसांचा महिना धरला तर वर्षाला ७०० रियाल होतात, पाच वर्षांचे ३५००. १८०० वर हिशेब करून घरावर स्लॅब टाकायचं ठरवू नकोस.

शेवटचा शब्द सगळ्यांत वाईट. ‘ॲब्स्कॉन्डिंग’, म्हणजे फरार. पगार दोन-तीन महिने थकतो, मुलगा वैतागतो आणि एका रात्री कॅम्प सोडून मित्राच्या खोलीवर जातो. त्याच्या नावाने तक्रार होते, रहिवासाचा परवाना धोक्यात येतो, आणि स्वतःचाच पगार मागायला तो ऑफिसात जाऊ धजत नाही. यालाच मुलं ‘खल्लीवल्ली’ म्हणतात. सलग सात दिवसांहून जास्त विनाकारण गैरहजर राहिलं तर ग्रॅच्युइटी न देता काढायचा अधिकार कायदा मालकाला देतो. पण मालकाने करार पाळला नाही तर नोटीस न देता नोकरी सोडायचा आणि ग्रॅच्युइटीही घ्यायचा अधिकार तोच कायदा कामगाराला देतो. पगार थकलेल्या दोघांचं दुःख एकच; एक रात्री निघाला, दुसरा कामगार मंत्रालयात तक्रार देऊन निघाला. पगार बँकेत जमा होतो, तेव्हा तो थकल्याचा पुरावा तुझ्या खात्याच्या नोंदीतच असतो. उद्या तशी वेळ आलीच तर आधी माझ्याकडे ये. दोघे मिळून तक्रार नोंदवू.

आता मुंबईला कतार व्हिसा केंद्रात तुला बोलावतील. मेडिकल, बोटांचे ठसे आणि करारावर सही तिथेच होते. तिथला करार आणि हे ऑफर लेटर शेजारी ठेवून बेसिक, सुट्टी, तिकीट, नोटीस आणि नोकरी संपल्यावर परत पाठवण्याचा खर्च, या पाच ओळी जुळतात का बघ. एक जरी जुळली नाही तरी तिथेच सांग आणि सही थांबव. एकदा विमानात बसलास की हे बोलणं दसपट कठीण होतं.

ताईला सांग, मामाने अपशकुन केलेला नाही. तू इथे यावंस असं मला फार वाटतं. अंजनवेलच्या टर्मिनलवर हात बसलेला फिटर इथे मागे पडणार नाही. मात्र तू यायचंस ते जाण्याची वाट माहीत करून. ज्याला ती माहीत असते, त्याला साहेब वाटेल तसं राबवू शकत नाही.

केंद्राची तारीख आली की कळव. आदल्या रात्री फोनवर दोघे मिळून करार ओळीने वाचू.

तुझा,
मामा