नानांचे कासव

आमच्या घरात कुणी वाजवीपेक्षा मोठी गोष्ट सांगू लागला, की ऐकणारा शेजारच्याला कोपराने ढोसून म्हणतो, "आलं बरं का नानांचं कासव!" नाना म्हणजे माझे थोरले चुलते. परभणीहून जिंतूरकडे जाताना बोरी हे बाजाराचे गाव लागते. तिथे आमचे जुने घर, थोडी काळी जमीन, दोन बैल, एक गाय आणि ऐंशी वर्षांचे नाना.

१९५३ साली नाना दहा वर्षांचे होते. परभणी जिल्हा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. मराठवाडा मुंबई राज्यात आला तो पुढे १९५६ साली. त्यामुळे कोर्टकचेरीचे मोठे काम निघाले, की माणसे मीटरगेजच्या गाडीत बसून हैदराबादची वाट धरीत. आजोबाही कुळाच्या एका दाव्यासाठी निघाले आणि हट्ट धरून बसलेल्या नानांना बरोबर घेऊन गेले. वकील काही भेटला नाही. तारीख पुढे गेली. रडकुंडीला आलेल्या पोराची समजूत घालायला आजोबांनी त्याला बागेआममधली जनावरे दाखवली. तिथे नानांनी एका कासवाला मेथीची जुडी चारली आणि रखवालदाराने त्यांना उचलून त्या कासवाच्या पाठीवर बसवले. कासव केवढे? तर नाना दोन्ही हात पसरून सांगत, "बाजेएवढं!"

आता बोरीच्या माणसाला कासव ठाऊक असते ते विहिरीतले, तळहाताएवढे. बाजेएवढे कासव आणि त्याच्यावर बसलेले नाना! सत्तर वर्षांत या गोष्टीवर कुणी विश्वास ठेवला नाही. काकूंनी तर लग्नानंतर पहिल्याच महिन्यात ती हसण्यावारी नेली, आणि नानांनी ते अजून मनात ठेवले आहे.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत मीही हसणाऱ्यांतलाच होतो. पण २०२३ च्या दिवाळीत माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने ती गोष्ट ऐकली आणि ती हसली नाही. आम्ही पुण्यात राहतो. शहराबाहेर अलीकडे अशी ठिकाणे झाली आहेत, की तिकीट काढले म्हणजे ससा मांडीवर देतात, रंगीत पोपट खांद्यावर बसवतात आणि फोटो काढून देतात. ते सारे पाहून आलेली माझी लेक म्हणाली, "मग नानाआजोबा, आपण जाऊ या की कासवावर बसायला!"

मी सहज शोध घेतला आणि चकित झालो. बागेआममधले प्राणी मीरआलम तलावाकाठच्या नव्या नेहरू प्राणिसंग्रहालयात हलवले गेले. ते ६ ऑक्टोबर १९६३ रोजी लोकांना खुले झाले. आणि त्या वेळी बागेआममधून आणलेले एक गॅलापागोस जातीचे अजस्र कासव तिथे अजून होते. वय सव्वाशेच्या घरात! दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेला, भर महासागरात ज्या बेटांवर १८३५ साली डार्विन उतरला होता, तिथल्या जातीचे हे कासव. मी नानांना फोन केला. पलीकडे बराच वेळ कुणी बोलले नाही. मग आवाज आला, "हाय का अजून?"

एवढे झाल्यावर सहल ठरायला कितीसा वेळ! नाताळच्या सुटीत आम्ही लहानमोठी एकोणीस माणसे जमलो. पंचविसाला सोमवार होता आणि हे प्राणिसंग्रहालय सोमवारी बंद असते, म्हणून बुधवार धरला. रात्रीच्या गाडीने जायचे, दिवसभर हिंडायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत. मुक्काम नाही, म्हणजे लॉजचा खर्च नाही. हा हिशेब काकूंचा.

बोरीहून दोन जीपगाड्यांत कोंबून आम्ही परभणी गाठले. डब्यांत धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लसणाचा ठेचा. नानांच्या हातात वेगळी कापडी पिशवी, तिच्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेली मेथी. संध्याकाळी स्वतः रानात जाऊन उपटलेली. "कामून घेतली हो ही?" काकूंनी विचारले. नाना म्हणाले, "असू दे." गाडीत एकोणीस माणसांना अकरा जागा मिळाल्या, त्याचे रामायण इथे सांगत नाही. पहाटे बासरला गोदावरीचा पूल लागला, तेव्हा बायका अंधारातच खिडकीशी जमल्या आणि गंगेत नाणी टाकून पुन्हा आडव्या झाल्या. नाना मात्र रात्रभर बसूनच होते. दर तासाला बाटलीतले पाणी मेथीच्या फडक्यावर शिंपडत होते.

प्राणिसंग्रहालय ३८० एकरांचे आहे, ही गोष्ट कागदावर वाचणे वेगळे आणि आत्याचे गुडघे बरोबर घेऊन चालणे वेगळे. मीरआलम तलाव शेजारीच. त्याचा एकवीस कमानींचा बांध एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचा. झाडी दाट. जागोजागी गज नाहीत, मधे खंदक आहे. पलीकडे वाघ उन्हात पडलेला आणि अलीकडे आपण! ही युक्ती जर्मनीतल्या हागेनबेक नावाच्या माणसाची. १९०७ साली त्याने हाम्बुर्गजवळ अशी उघडी बाग पहिल्यांदा उभारली. पाहणाऱ्याला वाटते, आपल्यात आणि वाघात काही नाही. वाघाला मात्र खंदक पक्का ठाऊक असतो.

नानांना थेट कासवाकडे जायचे होते. पण मुलांनी सिंहाच्या सफारीचा गलका केला आणि नाना काही न बोलता रांगेत उभे राहिले. सफारीची तऱ्हा उलटी. जाळीच्या गाडीत कोंडलेली माणसे आणि मोकळा सिंह. सिंहाने आमच्याकडे एकदा पाहिले आणि तोंड फिरवले. "त्याला हात लावायचा नसतो का?" या धाकट्या पुतण्याच्या प्रश्नाला गाडीभर हशा पिकला. पण मला एप्रिल-मे २०२१ ची आठवण झाली. याच ठिकाणच्या आठ सिंहांना तेव्हा करोना झाला होता आणि हैदराबादच्याच सीसीएमबी या संस्थेने तपासणी करून तो सिद्ध केला होता. सिंह काही बाजारात गेले नव्हते. माणसाचा श्वासच त्यांच्यापर्यंत गेला असणार. सुदैवाने ते बरे झाले. हात न लावताही आपण जनावराला काय काय देत असतो!

शेवटी कासव. बुटक्या भिंतीपलीकडे धुळीत दोन करडे ढिगारे होते. मुलांना वाटले दगड आहेत. मग त्यांतला मोठा दगड हलला. आधी एक पाय निघाला, उखळासारखा जाड आणि सुरकुतलेला. मग मान निघाली. ती निघतच राहिली. आमच्या एकोणीस तोंडांतून एक शब्द फुटला नाही. रखवालदाराने सांगितले, हेच थोरले, बागेआममधून आलेले.

बाजेएवढे ते नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण दहा वर्षांच्या पोराला ते बाजेएवढे वाटले असेल, यात मला आता तिळमात्र शंका नाही. काकूंनी पदर डोक्यावर घेतला आणि देवळात करतात तसे हात जोडले. नानांकडे त्यांनी पाहिले नाही, आणि नानांनीही त्यांच्याकडे पाहिले नाही. ते फडके सोडत होते.

"चचा, खिलाना मना है," रखवालदार पुढे झाला.

नाना दखनीत म्हणाले, "हमारे हात से खाया है ये. तुम पैदा बी नै हुए थे तब."

तो तरुण पोरगा चांगला होता. हसला नाही, ओरडलाही नाही. सगळी हकीकत त्याने ऐकून घेतली. मग म्हणाला, "तो दोनो बात कर लो चचा. मगर मेथी थैली में रहने दो."

नाना माझ्याकडे वळले. पुण्याचा शिकलेला पुतण्या काहीतरी मार्ग काढील अशी त्यांना आशा असावी. काय सांगू? वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ चा. त्यात पुढे घातलेल्या कलमाने प्राणिसंग्रहालयातल्या जनावराला खिजवणे, खायला घालणे, गोंगाट करून त्रास देणे, सारेच मना केले. हे कलम मला मनापासून पटते. लोकांनी फेकलेल्या फराळाने, प्लास्टिकने किती जनावरे मेली असतील! लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १९२६ पासून १९७२ पर्यंत चिंपँझींना टेबलाशी बसवून चहापानाचे खेळ करीत आणि लोक पोट धरून हसत. आपल्या पेशवे पार्कातही मुले हत्तीवर बसत. माझी बायको बसलेली आहे आणि अजून कौतुकाने सांगते. त्या हत्तीला काय वाटत होते, हे कुणी विचारले नाही. कासवाच्या पाठीवर पोर बसवणे हाही त्यातलाच प्रकार, हे मी नानांना कसे सांगणार? आणि बोरीच्या माणसाला हे कसे पटवणार, की जनावरापुढे रिकाम्या हाताने उभे राहणे हाच आता शिष्टाचार आहे? पोळ्याला आधी बैलाच्या तोंडात पुरणपोळी जाते, मग आमच्या ताटात पडते. ती रीत त्यांच्या हाडात मुरलेली.

मी एवढेच म्हणालो, "नाना, त्याचं खाणं डॉक्टर ठरवून देतात. बाहेरचं बाधलं तर?"

"बाधलं तर..." नाना म्हणाले आणि त्यांनी फडक्याची गाठ पुन्हा मारली. "मग ऱ्हाऊ दे."

पण तिथून ते हलले नाहीत. मंडळी पक्षी पाहून आली, मगरी पाहून आली, झाडाखाली धपाटे सोडले. नाना भिंतीशीच. माझी लेकही त्यांच्याजवळ थांबली होती. पाठीवर बसायचे, हा विषय तिने पुन्हा काढला नाही. मी धपाटे घेऊन गेलो तेव्हा ती विचारत होती, "नानाआजोबा, त्याला तुम्ही आठवत असाल?"

"काय की बाई," नाना म्हणाले. "पर त्याचे डोळे तवाबी असेच गळत व्हते."

परतीच्या गाडीत नाना झोपले. इतके गाढ झोपले, की परभणीला त्यांना हलवून उठवावे लागले. उजाडता उजाडता आम्ही बोरीला पोचलो. मेथी पार कोमेजली होती. नानांनी चहाही न घेता गोठ्यात जाऊन ती गाईपुढे टाकली. त्या दिवसापासून आमच्या घरात थापांना 'नानांचं कासव' म्हणायचे बंद झाले. तसे कुणी ठरवले नाही, पण झाले.

मार्च २०२४ मध्ये ते कासव गेले. वर्तमानपत्रात बातमी वाचली आणि मी बोरीला फोन केला. नानांना आधीच कळले होते. बाजारात कुणीतरी मोबाइलवर दाखवले होते.

"शेवटी शेवटी खात नव्हतं म्हणे," ते म्हणाले.

"हो, तसंच छापून आलंय."

बराच वेळ कुणीच बोलले नाही. मागे बैलाच्या गळ्यातली घुंगरे वाजत होती.

"पोरीची परीक्षा कवा संपते?" नानांनी विचारले. "घेऊन ये तिला. गाय व्यायलीय."