नांग्या

मृगाचा पाऊस होऊन गेलेला. हळदीच्या बेडवरून खाली उतरताना उजवा पाय काळ्या चिखलात रुतला आणि अंग मात्र वळलं. घोट्यात काडकन वाजलं. माय म्हणाली, "मुरगळलाय बाबा, आंबेहळद उगाळून लाव." आमच्या साखऱ्यात, हिंगोलीच्या हळदपट्ट्यात, दुसरा सल्ला कोण देणार?

सूज उतरली. एक्स-रेत काही निघालं नाही. दुखणं मात्र घोट्याच्या आत, खोल बसून राहिलं. ढेकळांतून चाललं की कळ यायची, मध्येच सांध्यात काहीतरी अडकायचं. हाड मोडलं असतं तर प्लास्टर तरी दिसलं असतं. न दिसणारं दुखणं सांगायचीही चोरी. हळद काढून, शिजवून झाली तरी मी लंगडतच होतो.

शेवटी नांदेडला एमआरआय झाला. नडगीच्या खाली टॅलस नावाचं हाड असतं. त्याच्या आतल्या कडेवरच्या कूर्चेचा हरभऱ्याएवढा टवका उडाला होता, खालचं हाडही दुखावलं होतं. कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे ती आपणहून भरून येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे लेप कितीही लावला असता तरी तिथवर पोचणार नव्हता. माय हे ऐकून गप्प झाली, पण आंबेहळदीवरचा तिचा विश्वास काही ढळला नाही.

ऑपरेशन ठरलं. कमरेत सुई दिली, पाय बधिर झाला. घोट्यासमोर दोन बारके छेद, एकातून दुर्बीण, दुसऱ्यातून अवजार. सांध्यात सलाईनचं पाणी सोडून जागा करतात. १९३१ साली न्यूयॉर्कच्या बर्मन नावाच्या डॉक्टरांनी घोट्याचा सांधा दुर्बिणीसाठी फारच अरुंद आहे असं लिहून ठेवलं होतं. पुढे जपानच्या वातानाबेंनी बारीक दुर्बिणीनं त्यात शिरून दाखवलं. आमचे डॉक्टर बोलके, हे सगळं त्यांनीच सांगितलं. मी पडद्याकडे बघत होतो. पांढऱ्याशुभ्र गुळगुळीत पृष्ठभागावर एक खरबरीत खड्डा.

सुटलेला तुकडा काढला, कडा साफ केल्या आणि उघड्या हाडात तीन-चार मिलिमीटर अंतरावर भोकं पाडली. मला टोकणच आठवली. त्या भोकांतून मगजातलं रक्त वर येतं, साकळतं आणि त्यातून नवी कूर्चा धरते. "पण ती मूळच्यासारखी नसते हं," डॉक्टर म्हणाले. म्हटलं, कळलं. न उगवलेल्या जागी मागाहून लावलेलं, नांग्या भरलेलं पीक पहिल्या पेऱ्याची बरोबरी कधी करत नाही.

सहा आठवडे पाय टेकवायचा नव्हता. ऑपरेशनपेक्षा हेच जड गेलं. कुबड्या शेणामातीच्या अंगणात घसरतात, आणि उकिडवं बसल्याशिवाय आमच्याकडे एक काम होत नाही. लागवडीचे दिवस आले तेव्हा मी ओसरीत खुर्चीवर बसून बेणं निवडत होतो. बायको शेतातून येऊन विचारायची, "अहो, बोटं हलवलीत का आज?"

आता चालतो. ढेकळांतून अजून नाही. धुऱ्याधुऱ्यानं जातो.