दे इकडं लेकराला

जवळा बाजारच्या स्टँडवरून भरलेल्या एसटीत चढलं की मी एक गोष्ट विचार न करता करते. सीटवर बसलेली कुणीतरी बाई हात पुढं करते, ‘दे इकडं लेकराला’ म्हणते, आणि मी कडेवरचं लेकरू तिच्या मांडीवर ठेवते. ती कोण, कुठल्या गावची, हे परभणी येईपर्यंत कधी कळतं, कधी कळतही नाही. उतरताना लेकरू परत घ्यायचं आणि चालू लागायचं. मी स्वतः अशा कितीतरी मांड्यांवर बसून मोठी झालेय.

हे आधी सांगते, कारण दार-एस-सलाममध्ये मला नेमकं हेच जमलं नाही.

नवरा तिथं एका कंपनीत हिशेबाच्या कामाला आहे. दोन वर्षं तो फोनच्या स्क्रीनमधूनच बाप होता. धाकटा तर फोन वाजला की फोनलाच ‘बाबा’ म्हणायचा. म्हणून एप्रिल-मेच्या सुट्टीत दोघांना घेऊन मी दीड महिन्यासाठी निघाले. थोरली सहा वर्षांची, धाकटा दीड. गावात जो तो विचारू लागला, ‘आफ्रिकेत? लेकरं घेऊन जायलीस? कामून?’ एका चुलत सासूबाईंनी थोरलीला जवळ घेतलं, तिच्या सावळ्या गालावर हात फिरवला आणि म्हणाल्या, ‘ही तर तिथल्यांत खपूनच जाईल.’ सगळे हसले. मीही हसले.

शहर मोठं, समुद्राकाठचं. २०२२ च्या जनगणनेत त्रेपन्न लाखांवर लोकसंख्या. पण पहिले आठ दिवस आम्ही बहुतेक गोंधळच घातला. तिथं रिक्षाला ‘बजाजी’ म्हणतात, आपल्या बजाजवरून. वाळूजला कामाला गेलेल्या आमच्याकडच्या पोरांना हे सांगायला हवं. तर नवऱ्यानं एक बजाजीवाला ठरवून दिला. तो फोनवर म्हणाला, ‘सा म्बिली.’ म्बिली म्हणजे दोन, एवढं मला कळलं. मी निवांत. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला दारात हॉर्न. लेकरं अंथरुणात, मी गाऊनवर. स्वाहिलीत घड्याळ सूर्य उगवल्यावर सुरू होतं. सकाळचे सात म्हणजे पहिला तास, आठ म्हणजे दुसरा. आमची आजी ‘दिवस कासराभर वर आल्यावर ये’ म्हणायची, तिला हे पटकन समजलं असतं.

थोरलीनं मात्र भाषा आमच्यापेक्षा लवकर पकडली. खालच्या मजल्यावरच्या पोरींबरोबर ती दिवसभर अंगणात असायची. गाडीला ‘गारी’, दुकानाला ‘दुका’, रंगाला ‘रांगी’, चपातीला ‘चपाती’. पिवळा रंग म्हणजे ‘रांगी या मंजानो’, आणि मंजानो म्हणजे हळद. हळद पिकवणाऱ्या मुलखातली पोरगी ती, तिला हे फार आवडलं. घोटाळा नात्यांचा झाला. बजाजीवाल्याला ती ‘काका’ म्हणाली, तो खूश. काका म्हणजे तिकडं मोठा भाऊ. तेच भाजीवाल्याला ‘दादा’ म्हणाली तेव्हा बाजूच्या बायका पोट धरून हसल्या, कारण दादा म्हणजे बहीण. आणि मी झाले ‘मामा’. आईला तिथं मामा म्हणतात, आणि लेकरू असलेल्या बाईला तिच्या नावानं कमी, पहिल्या लेकराच्या नावापुढं मामा लावून जास्त हाक मारतात. आमच्याकडंही सासू मला ‘अमकीची माय’ म्हणूनच बोलावते. माझं स्वतःचं नाव दोन्हीकडं कुणाला लागत नाही, हा वेगळा विषय.

तो दिवस मकुंबुशोचा. बागामोयो रस्त्यावर १९६६ सालचं एक उघडं संग्रहालय आहे, तिथं टांझानियातल्या वेगवेगळ्या जमातींची घरं बांधून ठेवलीत. मातीच्या भिंती, गवताची छपरं. थोरली एका दारात वाकून आत गेली आणि ओरडली, ‘आई, आजीचं जुनं घर!’ तिथून निघताना पाऊस सुरू झाला. तिकडचा मोठा पाऊस मार्च ते मेमध्ये असतो, आणि तो थेंबाथेंबानं येत नाही. एकही बजाजी रिकामी मिळेना. शेवटी आम्ही पोस्टाकडं जाणाऱ्या डालाडालात चढलो. डालाडाला म्हणजे मिनीबस, आपल्या काळीपिवळीची थोरली बहीण. आत उभं राहायलाही जागा नव्हती.

धाकटा कडेवर, एका हातात वरची दांडी, थोरली माझ्या कमरेला धरून. समोर एक बाई बसली होती. खांगा नेसलेली, वयानं माझ्या आईएवढी. तिनं दोन्ही हात पुढं केले आणि म्हणाली, ‘लेते म्तोतो.’

मी धाकट्याला आणखी घट्ट धरलं.

तिला वाटलं मला ऐकू आलं नाही. तिनं पुन्हा म्हटलं, हसून, हात तसेच. मी मान हलवली. नको. थोरली खालून म्हणाली, ‘आई, ती म्हणायली, लेकरू दे.’ मला ते कळलं होतं. हातांची भाषा कळायला स्वाहिली लागत नाही. बाईनं हात मागं घेतले, मांडीवर ठेवले आणि खिडकीबाहेर बघू लागली. रागावली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

ड्रायव्हरनं ब्रेक मारला, धाकट्याचं कपाळ दांडीवर आपटलं आणि तो भोकाड पसरून रडला. त्या बाईचे हात पुन्हा अर्धे वर आले, आणि थांबले.

खाली उतरल्यावर, पावसात, थोरलीनं विचारलं, ‘तू बाळाला का नाही दिलं?’

‘आपण त्यांना ओळखत नाही ना.’

‘एसटीत कुठं ओळखतो?’

मी उत्तर दिलं नाही. मग ती म्हणाली, ‘ती काळी होती म्हणून?’ आणि थोडं चालल्यावर, अगदी साध्या आवाजात, ‘मी पण काळी आहे ना?’

नवऱ्याला रात्री मी फक्त टेंगूळ दाखवलं. बाकीचं सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात मी मुद्दाम डालाडालानं गेले. कारियाकोच्या बाजारातून परतताना गर्दी होतीच. या वेळी जी बाई बसली होती तिच्या पायाशी मासळीची बादली होती. तिनं हात पुढं केला. माझा हात दांडीवरून सुटायला वेळ लागला, हेही सांगायला हवं; एका आठवड्यात माणूस बदलत नाही. पण दिलं. धाकटा तिच्या खांग्याच्या टोकाशी खेळत दोन थांब्यांत झोपला. थोरली तिला म्हणाली, ‘शिकामो.’ मोठ्यांना भेटल्यावर लहानांनी म्हणायचा हा शब्द. ‘तुमचे पाय धरते’ असा त्याचा मूळ अर्थ सांगतात. बाई म्हणाली, ‘मराहाबा,’ आणि लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. उतरताना धाकट्याच्या शर्टाला मासळीचा वास होता. तो मी दोनदा धुतला.

ती पहिली बाई मला परत भेटली नाही. पन्नास लाखांच्या शहरात कशी भेटणार?

जूनमध्ये आम्ही गावी परतलो. चुलत सासूबाई आल्याच, काय काय बघितलं विचारायला. थोरलीला जवळ घेऊन म्हणाल्या, ‘आणखीच काळवंडून आली गं.’ या वेळी मी हसले नाही, म्हणाले, ‘काकू, तिच्यासमोर रंगाचं बोलू नका.’ त्या चहा न घेता गेल्या. सासू दोन दिवस माझ्याशी तुटक बोलली.

परवा परभणीच्या गाडीत आम्हाला बसायला जागा मिळाली. हट्ट्याला एक बाई चढली, कडेवर लेकरू, हातात पिशवी. मी सरकून बसेपर्यंत थोरलीनं दोन्ही हात पुढं केले होते.

‘लेते,’ ती म्हणाली.

त्या बाईला काय कळलं कोण जाणे. तिनं लेकरू देऊन टाकलं.